दोन गाण्यांचा कोटा

गणपतीच्या आधी इचलकरंजीहून पुतण्याचा फोन आला. "काका, यंदा मंडळाचं साउंडचं बजेट जरा वाढलंय. तुमच्या नावावर किती लिहू?" साउंड म्हणजे काय, असं विचारलं तर म्हणाला, आठ बेस, आठ टॉप, आणि ते सगळं चढवायला ट्रॅक्टरची ट्रॉली. मी म्हटलं, बाबा रे, मूर्तीला लिही, मांडवाला लिही, रक्तदान शिबिराला लिही, साउंडला माझ्याकडून एक रुपयाही नाही.

तो क्षणभर गप्प बसला. मग म्हणाला, "काका, राग मानू नका. पण तुमच्या मोटरसायकलवर चार स्पीकर आहेत. फोटो तुम्हीच ग्रुपवर टाकला होता. तुम्ही अमेरिकेत लावले की हौस, आणि आम्ही इथं लावले की प्रदूषण होय?"

फोन ठेवला, पण वाक्य काही कानातून जाईना. पोरगं खोटं बोललं नव्हतं. त्याला फोनवर देता आलं नाही ते उत्तर आज इथे लिहितोय. त्यात माझीच फजिती जास्त आहे, पण त्याला इलाज नाही.

तर मंडळी, माझी मोटरसायकल. होंडा गोल्डविंग, जीएल १५००. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: आपल्याकडच्या बुलेटशेजारी उभी केली तर बुलेट तिचं वासरू वाटेल. सहा सिलिंडरचं १५२० सीसीचं इंजिन, वजन पावणेचारशे किलोच्या आसपास, आणि एवढं धूड मागे ढकलता येत नाही म्हणून चक्क रिव्हर्सची सोय. हे मॉडेल १९८८ ते २००० या काळात निघालं, आणि ते बनायचं ओहायोतल्या मेरिसव्हिलच्या कारखान्यात. म्हणजे मी राहतो तिथून तासाभराच्या आत. जपानी नावाची ही गाडी अमेरिकन माणसांनी जोडलेली. तिथलं मोटरसायकलचं उत्पादन २००९ मध्ये बंद झालं. लांबच्या प्रवासासाठीच ती बनवलेली असल्यामुळे पुढे मोठी काच, मागे बसणाऱ्याला सोफ्यासारखी पाठ, आणि रेडिओ-कॅसेट. स्पीकर दोन पुढे, दोन मागे.

मी घेतली तेव्हा गाडी वीस वर्षांहून जुनी होती. इंजिन ठणठणीत, पण स्पीकरची अवस्था वाईट. वयामुळे कागदी कोनाच्या कडेचा फोम भुगा होऊन पडतो, तसा पडला होता. आवाज असा यायचा की पत्र्याच्या डब्यात कुणीतरी गातंय. मी पडलो इंजिनियर. शनिवार-रविवार मोकळा. गॅरेज आहे, पाने आहेत, हौस आहे. म्हटलं, करू या अपग्रेड.

दुकानदाराने (नाव कशाला घ्या) एक खोका पुढे केला. त्यावर मोठ्या अक्षरात: पन्नास वॅट गुणिले चार. आता मी वीजविद्येत पदवी घेतलेला माणूस. तिथेच उभं राहून तोंडी हिशेब करायला हवा होता. गाडी चालू असताना बॅटरीचा व्होल्टेज साधारण १४.४. साध्या अँप्लिफायरला त्यापेक्षा उंच उडीच मारता येत नाही. म्हणजे आरएमएस व्होल्टेज फार तर दहाच्या आसपास. त्याचा वर्ग शंभर, भागिले चार ओहम, उत्तर पंचवीस-सव्वीस वॅट. तेही कागदावर, प्रत्यक्षात स्वच्छ वीस मिळाले तर गंगेत घोडं न्हालं. खोक्यावरचे पन्नास म्हणजे लग्नपत्रिकेतलं "मुलगा गोरा, उंच" असतं त्यातला प्रकार. पण हौसेच्या वेळी हिशेब सुचत नाही हेच खरं.

जुना रेडिओ काढला. फेअरिंगचं प्लास्टिक उतरवायला एक अख्खी दुपार गेली. पंधरा स्क्रू काढले, सोळावा सापडेना, आणि तो काढल्याशिवाय काहीच हलेना. नवा ब्लूटूथवाला रेडिओ बसवला, नवे स्पीकर बसवले, तारा सोल्डर केल्या, वर नळी चढवली. गॅरेजमध्ये सुरू केलं आणि मंडळी, काय सांगू! तबल्यावरचं बोट दिसत होतं जणू. बायकोला बोलावून ऐकवलं. फोटो काढला. हाच तो ग्रुपवर टाकलेला फोटो.

दुसऱ्या दिवशी हायवेला लागलो. ताशी चाळीस मैलांना तबला गेला. पन्नासला गायक गेला. पासष्टला, म्हणजे आपल्या शंभर-एकशेपाचला, नुसता वारा. आवाज पूर्ण वाढवला तर काहीतरी चिरकतंय एवढंच कळलं. झालं, पुढच्या महिन्यात वेगळा अँप्लिफायर आला. आता खरे वीस वॅट होते त्याचे खरे ऐंशी झाले. चौपट! आणि मग पासष्टच्या वेगाला गाणं ऐकू यायला लागलं. ओरडत का होईना, पण ऐकू आलं. मी विजयी मुद्रेने हायवेवरून उतरलो आणि गावातल्या पहिल्याच सिग्नलला थांबलो.

वारा थांबला, आवाज थांबला नाही.

शेजारच्या गाडीची काच खाली होती. मागच्या सीटवर चारेक वर्षांची मुलगी. तिने दोन्ही हात कानांवर दाबले आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे, नुसतंच बघितलं. तिच्या आईने काच वर केली. मी गडबडीने बटण शोधत होतो, हातात जाड मोजे, बटण बारीक... सिग्नल हिरवा होईपर्यंत अख्ख्या चौकाने माझं नाट्यगीत ऐकलं.

यातली खरी लाजेची गोष्ट अशी की होंडाच्या अभियंत्यांनी हा प्रश्न आधीच सोडवून ठेवला होता. गाडीच्या मूळ रेडिओत वेगाप्रमाणे आवाज आपोआप कमी-जास्त करायची सोय होती. वेग वाढला की वाढणार, सिग्नलला थांबलं की उतरणार. तोच रेडिओ मी "जुनाट" म्हणून उपटून टाकला होता. ज्याला आपण अपग्रेड म्हणतो त्यात किती वेळा शहाण्याने केलेलं काम खोडून वर आरडाओरडा बसवलेला असतो, याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा.

आता थोडं गणित. कंटाळू नका, सगळा वाद याच गणितात आहे.

शक्ती दुप्पट केली की आवाज ३ डेसिबलने वाढतो. कानाला मात्र "दुप्पट मोठा" वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट शक्ती. मी वीसचे ऐंशी वॅट केले तेव्हा मला मिळाले ६ डेसिबल. दीडपटीला जरा जास्त. पैसे मोजले चौपटीचे. आणि समोर प्रतिस्पर्धी कोण? वारा. वाऱ्याचा गोंगाट वेगाच्या पाचव्या-सहाव्या घाताने वाढतो. वेग दुप्पट केला तर पंधरा ते अठरा डेसिबल फुकटात. ताशी शंभर किलोमीटरला हेल्मेटच्या आत ९५ ते १०० डेसिबल भरतात. त्या वाऱ्यावर मात करून गाणं ऐकायचं तर गाणं १०३-१०५ हवं.

अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी नायोश नावाची सरकारी संस्था आहे. तिची शिफारस अशी: ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास, आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा, १०० ला पंधरा मिनिटं. १०३ ला किती? साडेसात मिनिटं.

साडेसात मिनिटं म्हणजे दोन गाणी. दिवसाचा कोटा संपला. मी क्लीव्हलँडला जाताना सलग दोन तास ऐकत होतो.

आणि रस्त्याकडेच्या माणसांचं काय? उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. माझ्या कानाशी, सत्तर सेंटिमीटरवर १०५ असेल तर शेजारच्या गाडीत, तीन मीटरवर ९२. तीस मीटरवरच्या घरात ७२. भारतातल्या ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ आहे, रात्रीची ४५. म्हणजे मी एकटा, एका मोटरसायकलवर, ऐंशी वॅटमध्ये एवढा उजेड पाडत होतो. आमच्या पुतण्याच्या आठ बेस आठ टॉपमध्ये किती हजार वॅट असतात ते त्याने सांगावं. शिवाय त्याची गल्ली काही उघडं माळरान नाही. दोन्ही बाजूंना तीन-तीन मजली घरं. आवाज भिंतीवरून भिंतीवर आपटतो, उतरायला जागाच नाही.

मला हे गणित उशिरा सुचलं. आधी डाव्या कानात रातकिडा आला. पहिल्यांदा वाटलं खिडकीबाहेर आहे. जानेवारीत ओहायोत कुठले रातकिडे? बाहेर दोन फूट बर्फ. मग घरी बायको "साखर संपली" म्हणायची आणि मला फक्त "...अर अंपली" ऐकू यायचं. शेवटी कान तपासले. आलेख सपाट चालत येतो आणि ४००० हर्ट्झपाशी खड्ड्यात पडतो. गोंगाटाने गेलेल्या कानाची ही ठरलेली खूण. स, श, त, थ ही अक्षरं याच वरच्या पट्टीत राहतात, म्हणून तीच आधी जातात. माणसाच्या प्रत्येक कानात जन्मतः पंधरा-सोळा हजार केशपेशी असतात. मेलेली पेशी परत उगवत नाही. त्या रातकिड्याला नुसती मोटरसायकल जबाबदार असं मी म्हणणार नाही. तरुणपणी मिरवणुकीत ताशाला चिकटून नाचण्याचाही त्यात वाटा असणार. पण वाटा दोन्हीकडे माझाच.

मग मी काय केलं? अँप्लिफायर काढला. जास्त कार्यक्षम स्पीकर घेतले. एक वॅटला ८६ ऐवजी ९२ डेसिबल देणारा स्पीकर म्हणजे वॅट न वाढवता चौपट वॅटचं काम. पुढची काच उंच घेतली, त्यामुळे डोक्याभोवतीचा घुसळणारा वारा कमी झाला. जुना रेडिओ माळ्यावरून काढून, साफ करून परत बसवला, आणि गाडीला मुळातच असलेल्या पाच पिनांच्या सॉकेटला हेल्मेटमधला हेडसेट जोडला. कानात फोमचे बोळे. इथे लोक मला वेड्यात काढतात: बोळे घालून गाणं कसं ऐकणार? अहो, बोळा वाऱ्यालाही वीस डेसिबलने कमी करतो आणि गाण्यालाही. दोघांतलं अंतर तेवढंच राहतं, म्हणून गाणं तेवढंच स्पष्ट. फक्त १०१ चं कानाच्या पडद्यापाशी ८१ होतं. दोन गाण्यांचा कोटा दिवसभराचा होतो. आणि हेल्मेटमधल्या स्पीकरला वॅटचा छोटासा अंश पुरतो. सिग्नलला कुणाला पत्ताही लागत नाही की मी काय ऐकतोय. (काही राज्यांत दोन्ही कानांवर हेडफोन लावून गाडी चालवणं बेकायदा आहे, तिथे नियम आधी बघावा.)

गाडीवरचे चार स्पीकर अजून आहेत, हळू रस्त्यावर हळू आवाजात वाजतात. तेव्हा पुतण्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर असं: तुझं बरोबर होतं, मी तेच करत होतो, आणि म्हणूनच सांगतोय.

आता उरलेलं अर्धं. आपल्याकडून नेहमी येणारे चार युक्तिवाद घेऊ.

पहिला: अमेरिकेत तर सर्रास चालतं. चालतं ना! हार्लेवाले सायलेन्सर बदलून खिडक्यांची तावदानं हलवत जातात आणि म्हणतात, आवाज मोठा म्हणजे जीव सुरक्षित. या घोषणेचं खोटेपण १९८१ च्या हर्ट अहवालातच दिसतं. लॉस एंजेलिसच्या परिसरातल्या सुमारे नऊशे अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केलेला तो अभ्यास. तीन चतुर्थांशांहून जास्त वेळा धोका समोरच्या बाजूला होता. आणि सायलेन्सरचं तोंड कुठे असतं? मागे. इथे कायदेही आहेत. १९७२ चा ध्वनिनियंत्रण कायदा आहे, १९८६ पासूनच्या मोटरसायकलींना ८० डेसिबलची मर्यादा आहे. पण १९८१-८२ मध्ये रेगन सरकारने ते राबवणाऱ्या कार्यालयाचा पैसाच तोडला. कायदा भिंतीवर, कार्यालयाला कुलूप. ही अमेरिकेची नक्कल करण्याजोगी बाजू नाही. अमेरिकेतून उचलायच्या गोष्टी पुष्कळ आहेत, त्यातली नेमकी हीच का उचलायची?

दुसरा: हा आमच्या धर्माचा, स्वातंत्र्याचा प्रश्न आहे. हा वाद इथे ऐंशी वर्षांपूर्वी होऊन गेला. १९४८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या लॉकपोर्टमध्ये एका धर्मप्रचारकाला लाउडस्पीकरची परवानगी नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने प्रचारकाच्या बाजूने निकाल दिला, कारण परवानगी सर्वस्वी पोलीसप्रमुखाच्या मर्जीवर होती. पुढच्याच वर्षी ट्रेंटनच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितलं की कर्कश लाउडस्पीकरच्या गाड्या रस्त्यावर फिरवायला शहर बंदी करू शकतं. १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या मैफिलींचा आवाज शहराने आवरला, तेही ग्राह्य धरलं. आणि २०१२ मध्ये फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने गाडीतल्या स्टिरिओविरुद्धचा कायदा रद्द केला. का? कारण त्यात राजकीय आणि जाहिरातीच्या गाड्यांना सूट होती. सूत्र सरळ आहे: मजकूर बघू नका, माणूस बघू नका, मर्यादा सगळ्यांना एक. आपलं सर्वोच्च न्यायालयही २००० साली हेच म्हणालं, की कुठलाही धर्म ध्वनिक्षेपक लावून प्रार्थना करा असं सांगत नाही. तो खटला चेन्नईच्या एका चर्चविरुद्ध होता. २००५ साली स्पष्टच केलं की नको असलेला आवाज कुणाच्या कानात कोंबण्याचा मूलभूत हक्क कुणालाच नाही. म्हणजे "आधी त्यांचा भोंगा बंद करा" हे उत्तर आपल्याला उपलब्ध नाही. त्यांचाही मोजा. आपलाही मोजा. पण मीटर एकच ठेवा.

तिसरा: डीजे वाईट, ढोल-ताशा मात्र परंपरा. इथे पुणेकर माझ्यावर चिडणार. पण कानाच्या केशपेशीला परंपरा कळत नाही. पुण्यात सीओईपीचे विद्यार्थी वीसहून अधिक वर्षं विसर्जनाच्या मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर डेसिबल मोजताहेत, आणि अलीकडे आकड्यांनी शंभरी ओलांडली आहे. पन्नास ढोल आणि वीस ताशे एका चौकात म्हणजे काय ते मोजायला यंत्रही लागत नाही, छातीला कळतं. पथकातल्या मुलामुलींनो, निदान तुम्ही तरी बोळे घाला. तुम्ही महिनाभर रोज सराव करता. मी वर्षातून एकदा नाचायचो, तरी माझे हे हाल.

चौथा, आणि सगळ्यात प्रामाणिक: वर्षातून एकदा होतं, पोरांना आनंद मिळतो, साउंडवाल्याचं पोट चालतं. हा युक्तिवाद मला टाकून देता येत नाही. कर्ज काढून बेस-टॉप घेतलेली मुलं मी पाहिली आहेत. मात्र त्यांच्याबाबतही एक विचारतो: त्या ट्रॉलीवर उभं राहून आठ-दहा तास मशीन चालवणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलाचा दिवसाचा कोटा किती मिनिटांचा? त्याच्या कानाचे पैसे मंडळाच्या बजेटमध्ये कुठल्या रकान्यात असतात? आणि त्या गल्लीतली बाळंतीण, नुकताच हार्टचा त्रास होऊन घरी आलेले आजोबा, यांना सिग्नलवरच्या त्या मुलीसारखी काच वर करता येते का? गल्लीत राहणाऱ्याला काच नसते. आनंद मिरवणुकीत आहे, माणसांत आहे, गुलालात आहे. दोन बेस दोन टॉपवरही पोरं तेवढीच नाचतात. बाकीचे सहा-सहा शेजारच्या मंडळाला ऐकवण्यासाठी असतात आणि हे सगळ्या मंडळांना माहीत आहे. माझा अँप्लिफायरही, खरं सांगायचं तर, थोडासा त्यासाठीच होता. ऐकायला वीस वॅट पुरतात. ऐकवायला किती लागतील त्याला अंत नाही, कारण शेजारी पुढच्या वर्षी आणखी वाढवतो. मी वाऱ्याशी शर्यत लावली होती, ती निदान ताशी पासष्टला थांबत तरी होती.

असो. पुतण्याला परवा परत फोन केला. म्हटलं, वर्गणी पाठवतो, दोन कामांसाठी: साउंडवाल्या पोरांना आणि पथकाला कानाचे बोळे, आणि एक डेसिबल मीटर, जे मिरवणुकीत मंडळाच्याच माणसाच्या हातात राहील. उरलेल्या पैशांचं तू ठरव. "काका, पोरं हसतील," म्हणाला. हसू देत म्हटलं. मग मोटरसायकलचा फोटो टाकला होता त्याच ग्रुपवर माझ्या कानाचा आलेख टाकला, ४००० पाशी खड्डा पडलेला. खाली लिहिलं: हा माझ्या अपग्रेडचा दुसरा फोटो.

दोन निळ्या खुणा आल्या आहेत. उत्तर अजून आलेलं नाही. मंडळाची बैठक रविवारी आहे.